किचनमधून दिसते

ब्रोकर म्हणाला, "लेक व्ह्यू आहे, ताई."
हॉलमधून गोदामाची भिंत दिसत होती,
बेडरूममधून दुसऱ्याची बेडरूम.
"किचनमधून दिसते," म्हणाला,
आणि मला सिंकपाशी नीट उभं करून
हवेतच हातानं माझी मान डावीकडे वळवली.
दोन सिंटेक्स टाक्या, एक टॉवर,
आणि त्यांच्या फटीत
वीतभर गोरेवाडा.

वीतभर पाण्याचे एकोणीस लाख चाळीस हजार.
हेमराजनं मोबाइलवर वीस वर्षांचा हप्ता काढला,
स्क्रीन पुसला, परत काढला.
"समोरच्या विंगमध्ये सव्वीस सांगून राहिले," ब्रोकर म्हणाला,
"तिकडून दोन वीत दिसते."

तांडापेठेत दोन खोल्या होत्या, भाड्याच्या.
आतल्या खोलीत जमिनीत खड्डा,
त्यात पाय सोडून मामंजी मागावर बसायचे.
माग भंगारात गेला त्या वर्षी
मुरूम टाकून खड्डा बुजवला,
वर फरशी, फरशीवर आमचा पलंग.
रात्री कूस बदलली की खालून पोकळ वाजायचं.
तन्मयी चालायला शिकली ती त्याच आवाजावर.

सामान छोट्या हत्तीच्या दोन खेपांत आलं.
कूलर, शिलाई मशीन, पितळेचे तीन गुंड,
तन्मयीची सायकल, जी आता तिला लहान होते.
मामंजी ड्रायव्हरशेजारी बसले,
मांडीवर पिशवी, पिशवीत धोटा.
तो तेवढा भंगारवाल्याला दिला नव्हता.

तिसरा मजला चढून त्यांनी आधी
टाचेनं फरशी ठोकून पाहिली.
"खाली काय हाय?"
"खाली तुरणकर राहतात, बाबा."
"मंग खड्डा नाही करता येत."
गमतीत म्हणाले की कसं,
त्यांच्या तोंडावरून कधीच कळत नाही.

पहिल्या आठवड्यात समजलं
नळ आहेत, सात आहेत, चकचकीत आहेत.
पाणी टँकरचं, दिवसाआड.
तुरणकर वहिनी म्हणाल्या, जुन्या शहरात
पहाटे नळाला जे पाणी येतं ना,
ते इथूनच जातं, तलावापासच्या प्लांटमधून.
खरं-खोटं त्यांना माहीत.
पण मी गुंड घेऊन जिन्यात बसले आणि हसू आलं.
एवढं कर्ज काढून पाण्याच्या दारात आलो,
तर ते आमच्या पायाखालून
तांडापेठेत निघून गेलेलं.

एप्रिलमध्ये निमजेकाकू घर पाहायला आल्या,
दोन ऑटो बदलून, घाम पुसत.
"काहून वो एवढ्या दूर?"
मी त्यांना सिंकपाशी उभं केलं,
हवेत हात फिरवला, डावीकडे.
तोवर तलावानं काठ सोडला होता,
फटीत अर्धी वीत पाणी, अर्धी वीत माती.
बराच वेळ पाहिलं त्यांनी.
मग म्हणाल्या, "भांडे घासाले बरं हाय."

आता चार वाजले की मामंजी
प्लास्टिकचं स्टूल ओढत किचनमध्ये येतात
आणि बरोबर माझ्या जागेवर बसतात.
वारा सुटला की पाण्यावर रेघा सरकतात,
उजवीकडून डावीकडे, परत.
त्यांचा हात मांडीवरच हलतो,
उजवीकडून डावीकडे, परत.
मी तिरकी उभी राहून कुकर घासते,
माझ्यासमोर टाइल्स.
कधी कधी हिशेब करते
माझ्या वाटच्या पाण्याचा हप्ता किती झाला.
मग तेही राहून जातं.

काल टँकरचा हॉर्न वाजला,
गुंड त्यांच्या स्टुलामागे अडकलेले.
"सरका थोडं, बाबा."
हात वर केला त्यांनी, नजर फटीतच.
"थांब वो," म्हणाले,
"एक तुटला.
जोडून घेतो."