काचेच्या या बाजूने

पुरुषोत्तम निमजे गेले. रात्रपाळीच्या पोराचा फोन आला
आणि मला आधी आठवलं ते त्यांचं मनगट.
माईकसमोर बसण्याआधी घड्याळ काढायचे,
दार ढकलून माझ्या टेबलावर ठेवायचे:
"सांभाळ बे गजभिये,
याची टिकटिक लोकांच्या घरात नको जायला."
एकतीस वर्षं मी ते घड्याळ सांभाळलं,
रोज सात ते सव्वासात.

बाप पाचपावलीत मागावर बसायचा.
लुगड्याचा काठ विणताना धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
त्या खटक्यात निमजे बोलायला शिकले.
म्हणून वाक्याच्या शेवटी जरा थांबत,
फणी ठोकल्यासारखे,
मग पुढचा धागा.
आवाजाची चाचणी घेणारे साहेब बाहेरगावचे.
"श"चा "स" होतो म्हणाले, दोनदा नापास केलं.
तिसऱ्यांदा हे म्हणाले,
साहेब, काटोलात रेडिओजवळ कोण बसलंय, व्याकरण?
(हे त्यांनीच मला सांगितलेलं. खरंच बोलले की नाही, कोण जाणे.
घेतलं, एवढं खरं.)

मे महिन्यात कमाल तापमान वाचताना
आवाज खाली आणायचे,
शेजारच्या घरची वाईट बातमी सांगावी तसा.
सत्तेचाळीस म्हणताना तर माझ्याकडे बघायचेच नाहीत.

एका मंगळवारी बाजारभावात ओळ चुकली.
वरचा आकडा भिवापुरी मिरचीला लागला,
भाव एका रात्रीत दीडपट.
गुरुवारी फाटकाशी एक म्हातारा, खांद्यावर पोतं,
कळमन्यातून तडक आलेला:
"तो आवाज कुठी हाये?"
निमजे कँटीनच्या मागच्या दाराने निघाले होते,
तिथेच गाठ पडली.
म्हाताऱ्याने खालून वर पाहिलं आणि हसायलाच लागला.
"येवढुसाच हायेस काय रे?
मले वाटे, चांगला धिप्पाड असशीन."
दोघांनी तर्री-पोहे खाल्ले, पैसे त्यानेच दिले,
जाताना मूठभर मिरच्या यांच्या खिशात कोंबल्या.
मेमो यायचा तो आलाच.
सदऱ्याचा तो खिसा कित्येक धुण्यांनंतरही लाल होता.

निवृत्तीनंतर घरात वेळ सांगायचे,
"सकाळचे सात वाजून पाच मिनिटं झाली आहेत,"
आणि वहिनी स्वयंपाकघरातून,
"झाली असतील. दूध घेऊन या."

शेवटी मेडिकलमध्ये होते, काचेच्या खोलीत.
मला आत सोडेनात, म्हणून मी बाहेर उभा.
म्हणजे आमच्या नेहमीच्याच जागा.
त्यांनी मान वळवली. माझ्याकडे बघत राहिले,
वाट बघत राहिले.
माझा हात आपोआप वर गेला,
एक बोट,
आणि मी ते खाली आणलं, जा म्हणून.
ओठ हलले. बराच वेळ हलले.
या बाजूला स्पीकर नव्हता.

शोकसभेसाठी लोक म्हणाले, गजभिये,
त्यांची एखादी टेप लावा ना.
टेप नाही. टेपा तेव्हा कमी पडायच्या,
वरून आदेश असायचा: पुसा आणि वापरा.
पुसणारा हात माझाच.
दर शुक्रवारी, दुपारी, डबा खाऊन झाल्यावर
मी निमजे पुसत होतो.

दोन दिवस शोधलं.
एका रिळावर, युरियाच्या भाषणाच्या आधी,
पुसायचा राहिलेला इतकासा तुकडा निघाला:
खुर्ची सरकते,
कागद सरळ होतो,
कुणीतरी श्वास आत घेतं
आणि लगेच युरिया सुरू.

सभेत तो लावला नाही.
तिथे पंख्यांचाच आवाज फार होता.