विरजणाची अट

हेब्डन ब्रिजला आले तेव्हा सामानात नव्हती
पण सोबत होती सांगलीची सवय:
उठल्या उठल्या विचारायचं,
आयर्विन पुलाखाली किती फूट?

इथली काल्डर अंगानं ओढ्याएवढी.
पण वर माळावर चार तास पाऊस लागला
की किराणा दुकानाच्या तिसऱ्या फळीला हात लावते.
म्हणून लिहिला एक प्रोग्रॅम,
रात्री, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.
नदीचे आकडे वाचतो, आणि पाणी दारात यायच्या आधी
माणसाला उठवतो.

परवाना लावला कॉपीलेफ्टचा.
घ्या, वापरा, उसवा, हवं तसं शिवा;
दुसऱ्याला द्याल तेव्हा मात्र
आतली शिवण दिसेल असं द्या.
आईला फोनवर सांगितलं, अगं, विरजणासारखं.
वाटीभर आणलंस ना, मग उद्या कुणी मागितलं
तर नाही म्हणायचं नाही.
ती म्हणाली, यात लिहून काय द्यायचं?

विरजण गेलं. कुठल्या कुठल्या घरांत गेलं.
एक दिवस परत आलं डेरेक ॲक्रॉइडकडून,
गिरणीच्या बॉयलरवर तीस वर्षं काढलेला माणूस,
साठीनंतर प्रोग्रॅमिंग शिकलेला.
चव्वेचाळीस ओळी. त्यांच्या डोक्यावर टीप:
"खालच्या गल्लीत पाणी आधी गटारातून येतं,
नदीतून नंतर. शंका असल्यास मॉरीनला विचारा."
मला हे कुठल्या आकड्यांनी सांगितलं असतं?

लंडनच्या एका विमा कंपनीनंही घेतला.
आपल्याच सर्व्हरवर ठेवला, कुणाला दिला नाही.
अट मोडली नाही, अटीच्या शेजारून गेली,
आणि त्याच हिशेबानं
आमच्या गल्लीचे हप्ते वाढवले.

मग आल्या ग्रीनवुड बहिणी, हॅना आणि टेस.
शेडमध्ये बसून भोंग्याच्या पेट्या बनवणाऱ्या,
म्हाताऱ्यांना परवडतील अशा.
त्यांच्या सेन्सरचा कोड दुसऱ्याचा, गुप्ततेच्या करारात बांधलेला.
माझा त्यात मिसळला तर सगळंच उघडं करावं लागणार,
आणि ते त्यांच्या हातात नव्हतं.

विरजणाचं हेही खरंच असतं,
मी आईला सांगितलं नव्हतं ते:
चमचाभर पडलं की पातेलंभर दूध दही होतं.
ज्याला चहा टाकायचा होता
त्यानं पातेलं घेऊन जायचं कुठे?

म्हटलं, तुमच्यापुरती अट सैल करते.
पण प्रोग्रॅम आता एकटीचा राहिला नव्हता.
अकरा जणांना पत्रं लिहिली, दहांची उत्तरं आली.
डेरेक मार्चमध्ये गेला होता.

मॉरीनच्या घरी जिन्यावर अजून गाळाची रेघ,
पुसलेली नाही, तारीख घातलेली.
चहा दिला. कागद दोनदा वाचला.
"सही केली तर त्याच्या ओळी
कुणाला कुलपात घालता येतील?"
येतील, मी म्हटलं.
"आणि नाही केली तर त्या पोरींच्या पेट्या?"
मी कपातल्या चहाकडे बघत राहिले.
तिनं चष्मा काढून कागदावर ठेवला,
पेन मात्र उचललं नाही.

बहिणींनी स्वतःचा कोड लिहिला, नऊ महिने घेतले.
पहिल्या हिवाळ्यात पेट्या वाजल्या,
नदीवर नजर ठेवून, अगदी वेळेवर.
खालच्या गल्लीत तोवर गटारातून घोटाभर आलं होतं.
कुणाचा जीव गेला नाही.
गालिचे गेले, एक पियानो गेला.

ती अट मी पुन्हा लावली असती का?
अजूनही लावते, प्रत्येक नव्या कामाला,
आणि लावताना हात जरा थांबतो.

टेस काल नाक्यावर भेटली. बूट चिखलानं भरलेले.
गटाराचं तुम्हाला कसं कळलं होतं, म्हणाली.
ओळी द्यायच्या नव्हत्या, द्यायची होती ती टीप.
तिला कसलाच परवाना लागत नाही.
पुलापलीकडचं हिरवं दार दाखवलं.
म्हटलं, मॉरीनला विचार.