चावी वॉचमनकडे

रात्री साडेनऊला पहिल्या आवृत्तीचं पान सुटतं
आणि मला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दाराची चावी लागते.
चावी वॉचमनकडे.
वॉचमन चहाला, सात रस्त्याला.
बावीस जणांच्या ऑफिसात आम्ही दोघी,
म्हणून दाराला कुलूप असलेलं बरं, असं ठरलंय.
कुणी ठरवलं, ते कुठे लिहिलेलं नाही.

मुलाखतीत विचारलं होतं,
म्याकल म्हणजे नेमक्या कुठल्या तुम्ही?
म्हटलं, इथलीच. अशोक चौक.
धोट्याच्या खडखडाटात झोपलेय,
शांत झालं की जाग येते.
मराठी शुद्ध आहे हो तुमचं, म्हणाले,
आणि हातात पुरवणी दिली:
उन्हाळी पापड, संक्रांतीची वाणं,
गाल उजळायचे सात उपाय.
चार वर्षं मी या जिल्ह्याचे गाल उजळले.

तहसीन बागवान फोटो काढते.
तिला फुलांची प्रदर्शनं, दहावीच्या निकालाच्या मुली.
उड्या मारा, म्हणते ती दरवर्षी. मारतात.
कॅमेरा तिचा स्वतःचा. हप्ते चालू आहेत.

मार्चमध्ये पूनम गेटसमोर विडीवाल्या बायका बसल्या.
आमचा बातमीदार पुढाऱ्याचं निवेदन घेऊन
अकराच्या आत परतलाही.
मी जेवणाच्या सुट्टीत गेले, तहसीनच्या स्कूटीवर मागे बसून.
डांबर चपलेला चिकटत होतं.
मी तेलुगूत विचारलं,
हजारातल्या किती छाट काढतो मास्तर?
आणि चाळीस तोंडं एकदम बोलायला लागली.
एकीने नुसती बोटं पुढे केली.
नखांखाली तंबाखूचा तो पिवळा,
साबणाने न जाणारा,
आमच्या घरातला.
तहसीनने तेवढंच टिपलं.

नऊशे शब्द दिले संध्याकाळी.
कुंभोजकर वाईट माणूस नाही.
छान आहे, छान आहे म्हणत कातर चालवली त्यांनी.
उरले एकशे दहा, पान पाच,
वर नाव: प्रतिनिधी.
फोटो मात्र मोठा लावला,
खाली छापलं, संग्रहित छायाचित्र.

आईला मराठी वाचता येत नाही.
तिने पेपर सुपलीवर पसरला
आणि पत्र्याचं माप ठेवून पान कातरावं
तशी अंगठ्याने माझी बातमी मोजली.
इंतेना? म्हणाली. एवढंच?
छाट गेली बाकीची, मी म्हटलं.
ती तेंदूचं पान वळत राहिली.
दोरा दातात धरून म्हणाली,
छाट म्हणजे वाईट विडी असं कुणी सांगितलं तुला?
मास्तर ती घरी नेतो. विकतो.

सातशे नव्वद शब्द आहेत माझ्या खणात.
कुणी नेलेले नाहीत अजून.

काल तहसीनने वॉचमनकडून तासाभरासाठी चावी मागितली
आणि नवी पेठेत जाऊन नकला करून आणल्या.
तीन.
अगं, आपण दोघीच की, मी म्हटलं.
ती लेन्स पुसत होती.
पुसतच राहिली.