आंधळ्या खिडक्या

हेरफर्डशरमध्ये, वेल्सची हद्द कुठून सुरू होते
हे जिथे मेंढ्यांनाही नीट ठाऊक नाही,
तिथे एक पागा उभी आहे. हवेली नाही.
हवेली छप्पन्न साली पाडली.
आधी छपरावरचं शिसं विकलं, मग जिना,
मग दगड, गाड्या मोजून.
पागा वाचली,
त्या आठवड्यात ट्रक मिळाला नाही म्हणतात.

मी मोजायला गेलो. हातात फीत, पेन्सिल कानावर.
विटा लाल, वीतभर, हातानं थापलेल्या;
एकीवर कुत्र्याचा पंजा.
अडीचशे वर्षांपूर्वी ती उन्हात वाळत असताना
कुणीतरी हाड म्हणालं असेल,
जरा उशिरा.

मधे चौक. एकवीस घोड्यांची जागा.
गव्हाणींच्या कडा चावून चावून गोल झालेल्या,
सुताराच्या रंध्याला जमणार नाही अशा.
त्यातल्या दोन आता हेस्टरच्या स्वैपाकघरात:
एकीत कांदे, एकीत रद्दी.
फरशीला अजून उतार आहे, मुताच्या मोरीकडे.
टेबलाच्या दोन पायांखाली म्हणून पाचरी,
आणि हातून वाटाणा सुटला तर तो
जुन्याच वाटेनं जातो.

हेस्टर प्रीस. सुईण होती, आता निवृत्त.
तिचा पणजा एनॉक इथला मोतद्दार.
खरारा करून हात दुखले की माळ्यावर निजायचा,
घोड्यांच्या डोक्यावर.
थंडीत खालून ऊब यायची.
तेवढी एकच गोष्ट मालकाला
पगारातून कापता आली नाही.

आणि पूर्वेची भिंत.
तिच्यात सहा खिडक्या, सहाही खोट्या.
चौकट खरी, खालची दगडी पट्टी खरी,
आत वीट, विटेवर काळा रंग,
काळ्यावर पांढऱ्या रेघांची तावदानं.
तिसरीत तर अर्धवट ओढलेला पडदासुद्धा.
हवेलीतून बघणाऱ्याला भिंत रेखीव दिसावी,
पागेतून बघणाऱ्याला काहीच दिसू नये:
बायकांची बाग त्या बाजूला होती.
ज्यानं नकाशा काढला तो माझ्याच धंद्यातला.
मला राग यायला हवा होता.
मला त्याची रेघ आवडली.

हेस्टर म्हणाली, फोडा. एक तरी.
सकाळचं ऊन पलंगावर पाहिजे मला.
मी अर्ज लिहिला.
जुन्या वास्तूंच्या खात्यातून थरलो नावाचे गृहस्थ आले,
बूट पुसून, भला माणूस.
बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले, आणि म्हणाले,
हा आंधळेपणाच तर मूळचा आहे.
तो संरक्षित आहे.
तिनं त्यांना चहा दिला. साखर विचारली नाही.

मग ते कोरडं साल आलं.
जून गेला, जुलै गेला, थेंब नाही.
गवत पिवळं पडलं,
आणि पिवळ्यात आणखी पिवळं, काटकोनात,
जिथे खाली पाया म्हणून वर माती कमी.
ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हवेली परत आली,
सपाट, मी कागदावर काढली असती तशी:
दिवाणखाना, जिन्याचा अर्धगोल,
नोकरांनी कुणाच्या नजरेस न पडता
ताटं न्यायचा बोळ.

हेस्टरचा फोन आला. मी पोचलो तर ती
नाइटी आणि गमबुटात, हातात कप,
जेवणघरात खुर्ची मांडून बसलेली.
भिंत ओलांडायला पाऊल पुरलं असतं,
तरी मी वळसा घालून
दारातूनच आत गेलो.
फीत काढली, सवयीनं. परत ठेवली.

इथून बघ, म्हणाली.
सकाळचं ऊन पागेवर सरळ पडलं होतं
आणि सहाही खिडक्या उघड्या दिसत होत्या.
तिसरीत पडदा,
आत्ताच कुणी हात काढून घेतल्यासारखा.

इथून एनॉक कसा दिसत असेल?
दिसतच नसेल, मी म्हणालो.

तिनं कप उपडा केला.
उरलेला चहा जेवणघराच्या जमिनीत
लगेच मुरला.