वेलांटी

ग्रिम्सबीत माझं कपडे अल्टर करायचं दुकान,
मासे धुरवायच्या बंद भट्टीला लागून.
विनिफ्रेड थॉर्ली कोटाची बाही आखूड करायला आली
आणि जाता जाता काउंटरवर एक कार्ड सरकवलं :
"तुमच्याच भाषेतलं ना? बरोबर आहे का, बघाल?"

पत्त्याच्या पानाएवढं.
एका बाजूला दीपगृह, निळं, जरा जास्तच निळं.
दुसऱ्या बाजूला शुभवर्तमानातल्या चार ओळी,
दमलेल्यांसाठी.

वाचलं. हसू फुटलं, ते गिळलं.
मशीननं ऱ्हस्व वेलांट्या खाल्ल्या होत्या सगळ्या.
विश्रांतीची
वश्रांती झाली होती.

"किती छापलीत?"
"सहाशे," ती म्हणाली, खाली बघत.
सहाशे म्हणजे दोन जंबल सेल,
एक अख्खा शनिवार केक विकून,
आणि क्लिफर्डच्या पेन्शनमधले
किती, ते तो कुणाला सांगत नाही.

मी काही त्यांच्यातली नव्हे.
खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू वाहणारी बाई मी.
पण टाका चुकलेला दिसला
की उसवून पुन्हा घातल्याशिवाय
मला जेवण जात नाही. एवढंच.

गुरुवारी चॅपेलच्या मागच्या खोलीत गेले.
हीटर एक, माणसं चार,
बुटांच्या खोक्यांवर भाषांची नावं :
तागालोग, रशियन, तमिळ, रोमानियन,
आणि एक नवं खोकं, आमचं,
नावातलं एक अक्षर खोडून पुन्हा लिहिलेलं.
इमिंगहॅमच्या धक्क्याला जहाज लागलं
की हे शिडी चढतात,
लोकरी टोप्या, सिमकार्डं आणि ही कार्डं घेऊन.
मागल्या हिवाळ्यात कुणी खलाशी म्हणाला,
"माझ्या भाषेतलं नाही?"
त्या एका प्रश्नापायी सहाशे.

मी कागदावर वेलांटी काढून दाखवली.
सरळ दांडी, वर मूठ,
अक्षराच्या डोक्यावरून वाकलेली.
क्लिफर्डनं आपली काठी उचलली. "अशी?"
अशीच.
"बोलायची नंतर, पण लिहायची आधी," मी म्हटलं.
"आधी का?" विनिफ्रेडला पटेना.
का, ते मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

तीन गुरुवार.
काळी पेनं, कडक चहा, आल्याची बिस्किटं.
क्लिफर्डचा हात कापतो,
त्याच्या वेलांट्या वाऱ्यातल्या दोरीसारख्या.
ती कार्डं मी हळूच बाजूला काढत होते.
विनिफ्रेडनं ती उचलली
आणि खोक्यात परत घातली.
बोलली काहीच नाही.

फेब्रुवारीत मला जहाजावर नेलं.
बोसन यशवंत पावसे, हर्णैचा,
मेसच्या टेबलाशी, हाताला ग्रीस.
फडक्याला बोटं पुसून त्यानं गठ्ठा चाळला,
एक कार्ड निवडलं, उजेडात धरलं.
"ह्ये हातानं काढलंय?"
"हो."
"म्हातारं मानूस दिसतंय."
अंगठ्यानं वेलांटी चोळून पाहिली.
शाई पक्की होती.

केबिनच्या आरशात त्याची दुर्गादेवी खोचलेली,
शेजारी एका पोरीचा शाळेतला फोटो.
तिथंच कुठंतरी ते दीपगृह बसवलं त्यानं,
मजकुराची बाजू आत.
मग म्हणाला, "काकी, टेलर ना तुमी?
बॉयलरसूटची चेन गेलीय. चारला सुटतंय जहाज."
पर्समध्ये सुई असतेच माझ्या.
त्याच्या बंकवर बसून धावदोरा घातला.
त्यानं टॉर्च धरला,
आणि गावाकडची मासळी आता कशी घटलीय
ते सांगत राहिला.

धक्क्यावर क्लिफर्ड गाडीत बसून होता,
शिडी त्याला आता चढवत नाही.
काच खाली करून विचारलं, "वाचता आलं त्याला?"
मी मान हलवली.
तो खुशीत गाडीचा गिअर शोधू लागला.

एक कार्ड मी तसंच ठेवलंय, गल्ल्याजवळ,
वश्रांतीवालं.
संध्याकाळी शटर ओढताना
कधीकधी पेन हातात येतं.
टोपण उघडते,
आणि मग राहू देते.