टॅमरॅक, एकशे एकपासून

अट एकच: उडी मारायची नाही.
एकशे एक, मग एकशे दोन,
रविवारी एक, दोन्ही बाजू,
आणि चहा उरला असेल तर पहिली बाजू पुन्हा.

हॅमट्रॅमिकच्या दुकानात विटोल्ड खोक्यावरची धूळ फुंकत म्हणाला,
"यात चांगल्या आठ-दहाच. त्याच ने, बाई."
सगळ्या, मी म्हटलं. नंबरवार.
एकतीस वर्षं एक्स-रे खात्यात काढलीत मी.
डॉक्टर आत यायचे ते हेच म्हणत:
जुनी फिल्म आधी लावा.
जुनी आधी लावली
की नव्या सावलीचं वय कळतं.

पहिल्या अकरा कव्हरांना दोनच रंग,
काळा आणि गंजका. पैसे तेवढेच होते.
खाली बोघोसियनची लाँड्री, वर रेकॉर्डिंग,
शनिवारी रात्री, इस्त्र्या निवल्यावर.
वाफेचा पाइप मात्र पुरता निवत नसे.
एकशे चारवर, कुणी काही वाजवण्याआधी,
एक बारीक सुस्कारा.
तीनदा सुई मागे नेली मी
तेवढ्यासाठी.

आणि तो पियानो.
वरच्या अंगाची एक पट्टी बसकी,
दुखऱ्या दातावर जीभ जावी
तसे सगळे वादक तिच्याशी जात.
एकशे वीसवर अचानक लखलखीत!
पैसे आले असणार, ट्यूनरला बोलावलं असणार.
मला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

कॉर्टेझ ड्युप्री आधी मागच्या बाजूला, चौथं नाव,
मग तिसरं,
एकशे सव्वीसला थेट पुढे, ट्रम्पेट कुशीत,
खांद्यांवरून उतरणारा कुणाचा तरी कोट.
एकशे तेहेतीसला कोट मापाचा,
आणि सूर थोडा कमी भुकेला.
(हे मी विटोल्डला सांगितलं नाही. त्याला ती आवडते.)

एकशे तेवीस नाहीच.
निघालीच नाही, विटोल्ड म्हणाला, विचारू नको.
त्या रविवारी मी चवळी शिजत घातली
आणि झाकणाची थडथड ऐकत बसले.

लेम्युअल स्टाइल्स ड्रमवर.
ब्रश असा फिरवायचा,
झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं,
जाग येऊ न देता.
एकशे चौतीसच्या मागे काळी चौकट, चार ओळी:
टोलीडोचा रस्ता, फेब्रुवारी, बर्फ.
पुढे एक नवा पोरगा.
बरा आहे. घाई करतो.
त्याचीही सवय झाली मला, सहा रविवारांत.

मग परवा, एकशे एक्केचाळीस.
बाहेर मिठाची गाडी रस्त्यावर खडे पसरत गेली,
मी पाय हीटरपाशी घेतले, सुई ठेवली,
आणि पियानोची ती पट्टी
बसकी.

कव्हर उलटं करायच्या आधीच कळलं.
पांघरूण सारखं करणारा हात खोलीत आला होता.
मागे बारीक टायपात तारीख:
तीन वर्षं जुनी टेप,
स्टार्चच्या पोत्यांमागे कपाटात पडून,
कुणाला आठवली तेव्हा निघाली.

म्हणजे मी ज्याला क्रम म्हणत होते
तो दुकानाचा क्रम.
वाजवणाऱ्यांचा वेगळाच होता,
आणि त्यात लेम्युअल अजून
शनिवारी जिना चढतोय, ड्रम एकेक करून,
दर पायरीला शिवी.

मी उठले. फळीवर
एकशे अठराच्या शेजारी बोटभर जागा केली.
जुनी फिल्म आधी. हात सरावाने निघालाच होता.
पण तिथे ठेवली तर
चौतीसनंतर तो पुन्हा येणार नाही कधीच,
पुढच्या वेळी, पहिल्यापासून ऐकताना.

तबकडी अजून टेबलावर आहे,
मिठाच्या बरणीला टेकून.
फळीवर ती फट.
रविवारी एकशे बेचाळीस;
त्या पोरग्याने आता जरा दम धरला असेल, तर बरं.