दुभाष्या

सोहारच्या इस्पितळात मी दुभाष्या.
हिंदी, अरबी, कामापुरतं मल्याळम.
मराठी फक्त ठेच लागली की.

खाट नंबर नऊ. जगेसर निषाद, राहणार देवरिया,
परांचीवरून पडलेला, दोन्ही हात प्लास्टरात.
डॉक्टर म्हणाले, सांग याला,
उजवा हात पूर्वीसारखा चालणार नाही.

एरवी वाक्यं तव्यावरच्या भाकरीसारखी उलटतो मी.
आज हात भाजला.
दया म्हणजे खिशातली सुटी नाणी.
कीव नेहमी दोन पायऱ्या वर उभी.
सहानुभूती तर कंपनीच्या पत्रातही असते,
शिक्क्याच्या जरा वर.

शेजारच्या खाटेपाशी
नवऱ्याला वारा घालत बसलेली म्हातारी
पुटपुटली, "मिस्कीन."

बाणकोटात आमच्या शेजारची हमीदाचाची
हाच शब्द म्हणायची,
लंगड्या शेळीला,
आणि दहावीला गचकलो तेव्हा मलाही.

म्हातारीनं खजूर मधोमध उघडला,
बी काढून माझ्या तळहातावर ठेवली,
जणू ते माझंच काम,
आणि खजूर त्याच्या ओठांशी धरला.
तो बराच वेळ चघळत राहिला.
मग म्हणाला, "साहेब काय सांगत होते?"

मी खाटेच्या कडेवर बसलो, नियमात नसताना.
त्याच्या पावलावर हात ठेवला
आणि सांगितलं, एक अक्षर न गाळता.

नोंदवहीत लिहिलं : भाषांतर पूर्ण, बावीस मिनिटं.
बी अजून खिशात, चिकट.
मागच्या कोऱ्या पानावर
कळवळा लिहून पाहिला.
आधी कळ येते त्यात.
मग वळणं.